ऑटोकॅड रेंगाळते, तेव्हा आधी काय तपासावे?



धार जिल्ह्यातील पीथमपूर आणि देवासचे औद्योगिक क्षेत्र आपल्याला परके नाही. वाहनाचा सुटा भाग असो, पंप असो की एखादी शेड, प्रत्यक्ष काम सुरू होण्याआधी त्याचे ड्रॉइंग तयार व्हावे लागते. आयटीआय किंवा पॉलिटेक्निक पूर्ण करून आपल्यातील काही जण उद्या अशाच एखाद्या कार्यालयात ड्राफ्ट्समन म्हणून रुजू होतील. तेथे बहुधा ऑटोकॅडवर काम करावे लागेल. अमेरिकेतील ऑटोडेस्क कंपनीने १९८२ साली बाजारात आणलेले हे सॉफ्टवेअर आजही सर्वत्र वापरात आहे.

नव्या मुलाच्या वाट्याला पुष्कळदा कार्यालयातील जुना संगणक येतो. फाइल उघडायला पाच मिनिटे, झूम केले की पडदा थिजलेला! मग "मुलगा कामात मंद आहे" असा शेरा बसतो, किंवा मालक हजारो रुपये खर्चून नवा संगणक आणतात आणि तोही तसाच रेंगाळतो. दोन्हींचे कारण एकच : निदान न करता केलेला उपचार.

पहिली पायरी : घड्याळ लावा

दोष तीन ठिकाणी असू शकतो : संगणकात, फाइलमध्ये किंवा नेटवर्कमध्ये. तो कोठे आहे हे ओळखण्यासाठी तीन गोष्टी करून पाहा आणि प्रत्येक वेळी लागलेले सेकंद वहीत लिहा.

१. नवे, रिकामे ड्रॉइंग उघडून थोड्या रेषा काढा. येथेही अडखळत असेल तर संशय संगणकावर किंवा सॉफ्टवेअरच्या मांडणीवर.

२. त्रास देणाऱ्या फाइलची प्रत डेस्कटॉपवर घेऊन उघडा. रिकामे ड्रॉइंग झरझर चालते, पण ही प्रत अडते, तर दोष फाइलमध्ये.

३. तीच फाइल सर्व्हरवरून उघडा. प्रत चटकन उघडते आणि ही उशिरा, तर नेटवर्क तपासा.

संगणक

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. काम सुरू असताना मेमरी जवळजवळ पूर्ण भरलेली दिसली तर रॅम वाढवावी. डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल आणि संगणकात जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवल्याने मोठा फरक पडतो.

प्रोसेसरचा आकडा मात्र फसवा असतो. ऑटोकॅडची बहुतेक कामे एका वेळी एकाच कोअरवर चालतात. आठ कोअरच्या प्रोसेसरमध्ये एक कोअर पूर्ण दमलेला असला, तरी एकूण आकडा १२-१३ टक्केच दिसतो. म्हणून या कामासाठी कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग महत्त्वाचा. रॅम व डिस्क ठीक असतील तर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत करावा. ऑटोकॅडमधील हार्डवेअर ॲक्सिलरेशन एकदा बंद व एकदा सुरू करून फरक पाहावा.

फाइल

एक ड्रॉइंग वर्षानुवर्षे दहा हातांतून जाते, आणि प्रत्येक हात काही ना काही मागे ठेवतो. प्रतीवर पुढील क्रमाने सफाई करा. 'ऑडिट' आज्ञा फाइलमधील चुका शोधून दुरुस्त करते. 'पर्ज' न वापरलेले ब्लॉक, लेअर वगैरे काढते. 'ओव्हरकिल' एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा हटवते. जे लेअर सध्या नको आहेत ते नुसते बंद न करता फ्रीज करा. बंद लेअर दिसत नाही, पण पुनर्रेखनाच्या वेळी त्याचेही गणित होते. फ्रीज केलेल्याचे होत नाही.

आपल्या भागातील सर्वेक्षणाच्या नकाशांत आणखी एक अडचण येते. हे नकाशे पुष्कळदा यूटीएम निर्देशांकांवर असतात. त्यानुसार धार आणि देवास दोन्ही ४३ व्या पट्ट्यात येतात आणि उत्तरेकडील अंतर विषुववृत्तापासून मोजले जाते. म्हणजे धारमधील साध्या प्लॉटचा कोपराही शून्यबिंदूपासून सुमारे २५ लाख मीटर दूर! ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असेल तर हाच आकडा २५० कोटींच्या घरात जातो. इतक्या मोठ्या आकड्यांत हॅच अडखळते आणि रेषा तुटक दिसू शकतात. इमारतीचे तपशील शून्यबिंदूजवळच्या वेगळ्या फाइलमध्ये काढावेत. त्यासाठी किती अंतर सरकवले, हे ड्रॉइंगवरच लिहावे. ही नोंद राहिली तर जागेवर खुणा चुकीच्या ठिकाणी पडतील, आणि तो तोटा वाचवलेल्या वेळेपेक्षा कितीतरी मोठा असेल.

नेटवर्क

फाइलला जोडलेले बाह्य संदर्भ पाहा. जुना सर्व्हर काढून टाकला, पण संदर्भाचा पत्ता तोच राहिला, तर ऑटोकॅड नसलेल्या घराचे दार ठोठावत बसते. बंद पडलेला नेटवर्क प्रिंटर मुख्य प्रिंटर म्हणून नेमलेला असेल तरी असेच होते.

दोन नियम

मूळ फाइलला हात लावू नका, सफाई नेहमी प्रतीवर करा. आणि एका वेळी एकच बदल करून पुन्हा घड्याळ लावा. चार बदल एकदम केले तर वेग वाढला तरी कशाने वाढला, हे कधीच कळणार नाही.

पालक आणि विश्वस्त मंडळींनाही विनंती : घरचा किंवा शाळेचा संगणक बदलण्याआधी हीच तपासणी मुलांकडून करून घ्यावी. कदाचित रॅमच्या एका पट्टीवर काम भागेल. नाही भागले, तर नव्या खरेदीमागे वहीतले आकडे असतील. आणि ज्या मुलाच्या हाती असे आकडे असतील, त्याला कार्यालयात कोणी उगाच मंद म्हणू शकणार नाही.

स्वाध्याय

१. चार कोअरच्या प्रोसेसरमध्ये एकच कोअर पूर्ण व्यस्त असेल तर एकूण आकडा किती दिसेल?

२. लेअर बंद करणे आणि फ्रीज करणे यांत फरक काय?

३. घरच्या किंवा शाळेच्या संगणकावर एखादी मोठी फाइल तीनदा उघडून लागलेला वेळ लिहा आणि सरासरी काढा.