मुलांचं ऐकण्याचं शिक्षण

“मानसशास्त्र घेऊन माझी मुलगी करणार काय? वेड्यांच्या इस्पितळात नोकरी?” माकुणसार गावातल्या एका आईने मला विचारलं. आवाजात राग नव्हता, काळजी होती. मुलीला बारावीला चांगले गुण, नर्सिंगला सहज प्रवेश मिळाला असता. पण तिचं एकच म्हणणं, शाळेतल्या मुलांसाठी समुपदेशक व्हायचंय. ही काळजी पालघर, बोईसर, सफाळ्यातल्या अनेक घरांत आहे, आणि ती रास्त आहे.

मी शाळांमध्ये समुपदेशन करते, म्हणून आधी काम कसं असतं ते सांगते. बोईसरकडच्या एका शाळेत सातवीतला एक मुलगा वाचायला उभा केला की त्याचे ओठ हलायचे, आवाज फुटायचा नाही. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) वर्गात सगळे त्याला ‘ढ’ समजत होते. मी त्याला कागद आणि खडू दिले, म्हटलं, तुझं घर काढ. त्याने एकच खोली काढली. मधोमध पलंग, पलंगावर झोपलेला माणूस, आणि भिंतीला चिकटून तीन लहान माणसं. त्या तिघांना तोंडंच काढली नव्हती. वडील तारापूर एमआयडीसीत कायम रात्रपाळीला. दिवसभर ते झोपलेले, म्हणून घरात “गप बसा” हा एकच नियम. कुणाचीच चूक नव्हती. मुलाला विचारून ते चित्र मी वडिलांना दाखवलं, त्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. ते बराच वेळ कागद हातात धरून बसले. मग शाळा सुटल्यावर रोज दहा मिनिटं त्या मुलाने पहिलीतल्या दोन पोरांना गोष्ट वाचून दाखवायची, असं ठरलं. तिसऱ्या आठवड्यात त्याचा आवाज खोलीबाहेर ऐकू आला.

समुपदेशक म्हणजे उपदेश करणारी बाई, हा समज म्हणूनच आधी सोडा. मुलांशी खेळत, चित्रं काढत बोलणं, शिक्षकांना वर्गात काय बदलता येईल ते सुचवणं, आणि आजार आपल्या आवाक्याबाहेरचा दिसला तर वेळेत मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणं, हे तिचं काम. औषधं ती देत नाही. आणि “हे मी कुणालाच सांगणार नाही” असं वचनही ती देऊ शकत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवावंच लागतं.

मुलांचं समुपदेशन हे काही नवं खूळ नाही. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने मुलांसाठी बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं ते १९३७ साली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था १९९०पासून काम करते आहे. आणि जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. आदेश निघाला म्हणून उद्या प्रत्येक शाळेत जागा भरली जाईल असं नाही. पण मागणी आता कागदावर आली आहे.

शिक्षणाचा रस्ता लांब आहे, तो लपवत नाही. बारावी कोणत्याही शाखेतून चालते. मग मानसशास्त्रातली पदवी, त्यापुढे दोन वर्षांचं एमए. समुपदेशन किंवा उपयोजित मानसशास्त्र घेतलं तर उत्तम. समाजकार्याकडे ओढा असेल तर एमएसडब्ल्यूही चालतं. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ व्हायचं असेल तर मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेलाच अभ्यासक्रम हवा आणि नोंदणीही. मुंबई विद्यापीठाचा विभाग कलिन्याला आहे. केळवे रोडवरून डहाणू लोकल पकडली तर रोजचा प्रवास दमवणारा आहे, पण आपल्या गावातल्या मुली नोकरीसाठी तो करतातच.

एका गोष्टीवर मी ठाम आहे. तीन महिन्यांचं ऑनलाइन प्रमाणपत्र घेऊन मुलांसमोर बसू नका. जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्राचे पदवी अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन चालवायलाही मनाई केली आहे. फी भरण्याआधी मान्यता तपासा. अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली किती तास प्रत्यक्ष काम मिळेल, हेही विचारा. पुस्तकातून हे काम येत नाही.

पैशांचंही बोलू. सुरुवातीला बऱ्याच खासगी शाळा आठवड्यातले दोन-तीनच दिवस बोलावतात, पगार बेताचा. दोन शाळा आणि एखाद्या संस्थेचं काम अशी जोडणी पहिली काही वर्षं करावी लागते. घराला ते झेपणार का, हे आजच बसून ठरवा.

आता माकुणसारच्या मुलीजवळ काय आहे ते सांगते. तिला वाडवळी कळते, मांगेली कळते, वारली मूल बोलताना कुठे थांबतं तेही कळतं. बोईसरला यूपी-बिहारहून आलेल्या कामगारांच्या मुलांशी ती हिंदीत बोलू शकते. हे भांडवल शहरातून आलेल्या तज्ज्ञाला विकत घेता येत नाही. घाबरलेलं मूल घरच्या भाषेतच रडतं.

आणि त्या आईला एक विनंती. मुलगी इंटर्नशिपहून संध्याकाळी गप्प घरी येईल. जेवायला वाढा, पण आज कुठलं मूल काय म्हणालं, ते विचारू नका. गाव लहान आहे. तिने ते सांगायचं नसतं.