साथीच्या काळातील कुक्कुटपालन : २०२० सालचा हिशेब

शेतीस जोडधंदा म्हणून मांसल कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांवर २०२० सालच्या मार्च महिन्यात जो प्रसंग ओढवला, तो कोंबड्यांच्या रोगामुळे ओढवलेला नव्हता. शेडमधील पक्षी निरोगी होते, खाद्य मिळत होते, वजनेही वेळेवर भरली होती. तरीही ज्या पक्ष्याच्या संगोपनास किलोमागे सुमारे ७० ते ७५ रुपये खर्च आला होता, त्यास कित्येक ठिकाणी शेडवर १० रुपये भाव मिळणे दुरापास्त झाले. काहींनी पक्षी गावात फुकट वाटले, तर काहींनी खड्डे खणून पुरले. पुढे दोन महिन्यांच्या आतच बाजार फिरला व चांगला भाव आला. परंतु तो भाव घेण्यास ज्यांच्या शेडमध्ये पक्षी होते, असे कुक्कुटपालक थोडे होते. नुकसान सर्वांचेच झाले. त्यातून कोण पुन्हा उभे राहिले व कोण राहिले नाही, हे पाहणे या धंद्यात असलेल्या व येऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकास अगत्याचे आहे.

अफवा आणि तिचे मूळ

मागणी घटली ती टाळेबंदीमुळे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. महाराष्ट्रातील पहिले कोरोना रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले, ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक साथ जाहीर केली व देशव्यापी टाळेबंदी २५ मार्चपासून सुरू झाली. कोंबडीचा भाव मात्र त्यापूर्वीच, फेब्रुवारीपासून, कोसळू लागला होता. कोंबडीचे मांस खाल्ल्याने कोरोना होतो, असे संदेश भ्रमणध्वनीवरून गावोगाव पोचले होते. त्यास कोणताही आधार नव्हता. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने तसा खुलासा केला. २८ फेब्रुवारीस हैदराबादेत तेलंगणाच्या मंत्र्यांनी व्यासपीठावर कोंबडीचे पदार्थ खाऊनही दाखविले. तरी गिऱ्हाईक परतले नाही.

ह्याचे एक कारण लोकांच्या आठवणीत आहे. २००६ सालच्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला होता. भारतातील कोंबड्यांमध्ये तो प्रथमच आढळला व त्या भागातील पक्षी मोठ्या संख्येने नष्ट करावे लागले. कोंबडी आणि साथ ह्यांची सांगड तेव्हापासून मनात बसलेली होती. वस्तुतः हे दोन निराळे रोग आहेत. बर्ड फ्लू हा मुळात पक्ष्यांचा रोग. आजारी पक्ष्यांशी निकट संपर्क आल्यास तो क्वचित माणसास होतो. कोरोनाची साथ माणसापासून माणसास पसरत होती, तिचा शेडमधील कोंबड्यांशी संबंध नव्हता. गावपातळीवरील कार्यकर्त्याने हा भेद पहिल्याच आठवड्यात, आठवडी बाजारात व ग्रामसभेत, साध्या शब्दांत सांगावयास हवा असतो. ‘कोंबडीपासून कधीच काही होत नाही’ असे सांगणे सोपे असले तरी ते खरे नाही, आणि पुढे कधी परिसरात पक्ष्यांचा रोग आलाच, तर सांगणाऱ्यावरचा विश्वास उडतो. मांस पूर्ण शिजवून, म्हणजे आतपर्यंत ७० अंश सेल्सियस उष्णता पोचेल असे शिजवून खावे, हा सल्ला मात्र दोन्ही वेळी खरा ठरतो.

अडतिसाव्या दिवसाचा प्रश्न

कापडाच्या दुकानास कुलूप लावले तर कापड खात नाही. कोंबडी खाते. ह्या एका गोष्टीमुळे साथीच्या काळात इतर छोट्या धंद्यांना दिलेले सल्ले कुक्कुटपालकास उपयोगी पडले नाहीत. पिलू आल्यापासून ३८ ते ४२ दिवसांत पक्षी सुमारे दोन किलोचा होतो व त्या अवधीत साधारण ३.४ किलो खाद्य खातो. त्यापुढे तो दिवसास सुमारे १८० ग्रॅम खातो आणि त्याचे वजन सुमारे ८० ग्रॅम वाढते. खाद्याचा भाव किलोस ३० रुपये धरला, तर ह्या वयानंतरचे एक किलो मांस तयार होण्यास केवळ खाद्यावरच ६७ रुपये खर्च होतात.

समजा, २,००० पक्ष्यांची तुकडी २० मार्चला विक्रीयोग्य झाली आहे आणि व्यापारी १० रुपये किलो भाव सांगत आहे. चार हजार किलो वजनाचे ४०,००० रुपये होतात. आजवरचा खर्च तीन लाखांच्या घरात आहे. अशा वेळी पुष्कळांनी ‘झालेला खर्च तरी निघू दे’ ह्या विचाराने दहा दिवस वाट पाहिली. ह्या दहा दिवसांत पक्ष्यांनी ३,६०० किलो, म्हणजे ५० किलोची ७२ पोती खाद्य खाल्ले व त्यावर १,०८,००० रुपये नव्याने गेले. वजन १,६०० किलोंनी वाढले. आता एकंदर ५,६०० किलोंस किलोमागे २६ ते २७ रुपये मिळाले, तरच दहा दिवसांपूर्वी ४०,००० घेऊन मोकळे होण्याची बरोबरी होते. एवढा भाव त्या दिवसांत मिळण्याचे चिन्ह नव्हते. शिवाय एप्रिलच्या उन्हात तीन किलोच्या वरचे पक्षी उष्माघाताने दगावतात, ही मर ह्या हिशेबात धरलेलीच नाही.

तेव्हा झालेला खर्च हा ह्या निर्णयात धरावयाचा नसतो. तो गेलेला असतो. उद्याच्या खाद्याची किंमत आणि उद्या मिळू शकणारा भाव एवढ्या दोनच गोष्टी समोर ठेवून विकावयाचे की थांबावयाचे हे ठरवावे लागते. हे लिहिण्यास सोपे आहे. ज्याने घरच्या स्त्रियांसह चाळीस दिवस रात्री उठून पिलांखालचे ऊबदिवे पाहिले, त्यास तीन लाखांचा माल चाळीस हजारांस सोडणे किती जड गेले असेल, ह्याची कल्पना करता येते. परंतु ज्यांनी तो दिला, त्यांच्याजवळ ७२ पोत्यांचे पैसे शिल्लक राहिले. पुढे तेच उपयोगी पडले.

पक्षी विकलेच न गेल्यास त्यांची विल्हेवाट नीट लावणे हे कर्तव्य आहे. मेलेले पक्षी ओढ्यात वा रस्त्याकडेस टाकू नयेत. पाण्यापासून दूर, खोल खड्ड्यात चुन्याचे थर देऊन पुरावेत व त्याची नोंद पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावी. नोंद नसल्यास पुढे नुकसानीचा दावा सांगण्यास कागदच राहत नाही.

कागदावरची सूट आणि रस्त्यावरची अडचण

टाळेबंदीच्या २४ मार्चच्या आदेशात मांस, मासळी व जनावरांचे खाद्य विकणाऱ्या दुकानांना सूट होती. प्रत्यक्षात पहिले काही दिवस टेम्पो नाक्यांवर अडले, गावांच्या वेशी काट्याकुट्यांनी बंद झाल्या आणि मजूर गावी निघून गेले. आदेशाची प्रत गाडीत ठेवणारा चालक आणि तहसील कचेरीतून वेळेवर पास मिळवून देणारा ग्रामसेवक ह्यांची किंमत त्या आठवड्यात कळून आली.

ज्यांचा सर्व माल एकाच व्यापाऱ्यामार्फत शहरात जात असे, ते पूर्णपणे अडले. ज्यांनी पूर्वीपासून दहा-वीस टक्के पक्षी जवळच्या खेड्यांत व तालुक्याच्या गावी स्वतः विकण्याचा प्रघात ठेवला होता, त्यांना निदान रोजचे खाद्य आणण्यापुरते पैसे हाती येत राहिले. शिवाय अफवेवर सर्वांत चांगला उतारा म्हणजे ओळखीचा विक्रेता होय. ज्याचे शेड आपण पाहिलेले आहे, त्याच्याकडून गिऱ्हाईक घेते. मात्र ही विक्री संकटात एका दिवसात उभी राहत नाही. तराजू, कापणीची स्वच्छ जागा, पाण्याची सोय आणि अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी ही आधीच असावी लागतात.

दोन महिन्यांचे घड्याळ

मार्चमध्ये भाव पडताच नवी पिले कोणी घेईना. उबवणी केंद्रांनी यंत्रे थांबविली. उबवणीची अंडी खाण्यासाठी विकली गेली. अंड्यातून पिलू बाहेर येण्यास २१ दिवस व ते विक्रीयोग्य होण्यास सुमारे ४० दिवस, मिळून दोन महिने लागतात. म्हणून मार्चमध्ये न मांडलेली अंडी व न घेतलेली पिले ह्यांची उणीव मे महिन्यात दिसावयाची, हे ठरलेलेच होते. तसेच झाले. एप्रिलच्या उत्तरार्धापासून लोक पुन्हा कोंबडी खाऊ लागले, बाजारात पक्षी कमी पडले आणि भाव चढत गेले.

हा क्रम नवीन नाही. भाव पडला की सर्वजण एकदम थांबतात व भाव चढला की सर्वजण एकदम पिले मागतात. त्या वेळी पिलूही महाग होते. ज्यांनी एप्रिलच्या प्रारंभी शेड झाडून, धुऊन, चुना मारून तुसाची नवी गादी तयार ठेवली आणि क्षमतेच्या निम्मी का होईना पिले घेतली, त्यांना मेमधील भाव मिळाला. निम्मीच घेणे हेही शहाणपणाचे होते. बाजार फिरेलच अशी खात्री त्या वेळी कोणालाही नव्हती.

पिले घेण्यास रोकड लागते. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी कर्जाच्या हप्त्यांस तीन महिन्यांची मुभा दिली व ती पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. पुष्कळ कर्जदारांनी ही माफी समजली. ती माफी नव्हती. मुभेच्या काळातही व्याज चालूच होते. ज्याच्या हाती पैसा होता त्याने हप्ता भरणे व ज्याच्या हाती नव्हता त्याने मुभा घेऊन तो पैसा खाद्यास लावणे, असा तिचा उपयोग होता. खेळत्या भांडवलासाठी किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात पशुपालनासही लागू झाली होती. परंतु ज्यांनी कागदपत्रे आधी पूर्ण केलेली नव्हती, त्यांना ते कर्ज पिलांच्या वेळेस मिळू शकले नाही.

करार पद्धतीने पक्षी वाढविणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. पिले व खाद्य कंपनीचे आणि जागा, पाणी, वीज व मेहनत शेतकऱ्याची, अशी ही पद्धत असते. भावाचा फटका कंपनीवर गेला, हे खरे. परंतु पक्षी वेळेवर उचलले न गेल्यास वाढलेले खाद्य व मर शेतकऱ्याच्या संगोपन-मोबदल्यात धरली जाते, आणि नंतर पिले आली नाहीत तर शेड रिकामे राहून हप्ता मात्र चालू राहतो. करार भावाचे रक्षण करतो, रिकाम्या शेडचे करीत नाही. कराराच्या कागदावर सही करण्यापूर्वी पक्षी उचलण्याची अखेरची तारीख व उशिराचा खर्च कोणाचा, ही दोन कलमे शेतकरी बंधूंनी वाचून घ्यावीत, किंवा वाचता येत नसल्यास कोणाकडून वाचवून घ्यावीत.

मका, सोयाबीन आणि पोत्यांतला निधी

कोंबड्या घटल्या तसा मक्याचा उठावही घटला. २०१९-२० हंगामाची आधारभूत किंमत क्विंटलला १,७६० रुपये असता बाजारात मका त्याहून पुष्कळ खाली गेला. म्हणजे कोंबडीवरील अफवेची झळ, ज्याने आयुष्यात कोंबडी पाळली नाही, अशा मका उत्पादकासही लागली. ज्या कुक्कुटपालकांजवळ भरडयंत्र व कोरडी कोठी होती, त्यांना त्या मक्याचा लाभ घेता आला. त्यासाठी दाण्यातील ओलावा १४ टक्क्यांच्या आत असावा लागतो. बुरशी आलेला मका कितीही स्वस्त असला तरी पक्ष्यांना देऊ नये.

पुढील वर्षी वारा उलटा फिरला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे बर्ड फ्लू आढळून आला. पाठोपाठ सोयाबीनच्या पेंडीचे भाव असे वाढले की ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारला १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी द्यावी लागली. उत्पादनखर्चात खाद्याचा वाटा दोन-तृतीयांशाच्या आसपास असल्यामुळे, २०२० मध्ये एका तुकडीसाठी म्हणून बाजूस ठेवलेली रक्कम आता त्या तुकडीस पुरेना.

म्हणून हा राखीव निधी रुपयांत न मोजता पोत्यांत मोजावा. २,००० पक्ष्यांच्या तुकडीस ६,८०० किलो, म्हणजे १३६ पोती खाद्य लागते. खाद्य ३० रुपये किलो असता त्याचे २,०४,००० रुपये होतात. ४० रुपये झाल्यास २,७२,००० होतात. पिलांची किंमत त्याखेरीज. एवढी रक्कम एका वर्षात बाजूस पडत नाही. दर तुकडीच्या विक्रीतून, घरखर्चास हात लावण्यापूर्वी, वीस पोत्यांची किंमत निराळ्या खात्यात टाकल्यास सात तुकड्यांत, म्हणजे साधारण सव्वा ते दीड वर्षात, तो निधी उभा राहतो. शेडच्या नोंदवहीत पिलांची संख्या, मर, खाद्य व वजन ह्यांचे रकाने असतातच. त्यांच्या शेजारी ‘राखीव पोती’ असा एक रकाना आखावा, आणि पशुधन पर्यवेक्षकाने भेटीच्या वेळी मरीचा आकडा पाहून झाल्यावर तोही पाहावा.