परदेशी दूरध्वनी : घरच्यांनी शिकून घ्यावयाचा एक धडा

रायगड जिल्ह्यातून आखाती देशांत नोकरीसाठी जाण्याची वाट जुनी आहे. म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड या तालुक्यांतील कित्येक घरांचे संसार मस्कत, दुबई, कुवेत येथून येणाऱ्या पैशांवर उभे राहिले. रोहा परिसरातूनही धाटावच्या औद्योगिक वसाहतीत काम शिकलेली माणसे त्याच वाटेने गेली. वरशाच्या आसपास अशी घरे आपल्या सर्वांच्या ओळखीची आहेत आणि आपल्या वसतिगृहात राहून शिकलेले काही विद्यार्थीही आज परदेशी आहेत.

अशा प्रत्येक घरात दूरध्वनीची वाट पाहणारे कोणीतरी असते. परंतु शिक्षक या नात्याने पालकांशी बोलताना एक गोष्ट मला वारंवार जाणवली. ही घरे परदेशातून आलेला फोन घेतात, स्वतः मात्र लावीत नाहीत. लावण्याची पाळी येते ती बहुधा संकटात, आणि संकटात शिकण्यास सवड नसते. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने हा छोटासा धडा मांडीत आहे.

एक प्रसंग

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातील एका संध्याकाळी आमच्या सातवीतील एका विद्यार्थ्याची आई कार्यालयात आली. हातात घडी घातलेली चिठ्ठी होती. घरी सासरे अत्यवस्थ होते आणि पती शारजाला नोकरीस होते. पती नेहमी ॲपवरून बोलत, पण त्या दिवशी ॲपवर काही केल्या संपर्क होईना. चिठ्ठीवर त्यांनी जाण्यापूर्वी लिहून दिलेला तिकडचा क्रमांक होता, आणि सकाळपासून तो फिरविला की “हा क्रमांक अस्तित्वात नाही” असे ऐकू येत होते.

“जय भीम सर. ह्यांनी नंबर चुकीचा तर दिला नसेल ना?” ताईंनी विचारले.

क्रमांक अगदी बरोबर होता. चूक होती ती त्याच्या लेखनात. चिठ्ठीवरील क्रमांक ०५ ने सुरू होत होता. तो त्या देशातल्या देशात फिरवावयाचा क्रमांक होता. पहिले शून्य काढून त्या जागी ००९७१ हे अंक घातले आणि दुसऱ्या प्रयत्नात घंटा वाजली. त्या रात्री घरी फोन सासऱ्यांच्या कानाशी धरून बापलेकांचे बोलणे झाले. चौथ्या दिवशी म्हातारे गेले. पुढे ताई भेटल्या तेव्हा एवढेच म्हणाल्या, “बोलणं तरी झालं, सर.”

एका शून्याने ते बोलणे दिवसभर अडवून धरले होते. ते शून्य काय आहे, हे समजून घेऊ.

क्रमांकाची रचना

दूरध्वनीच्या क्रमांकाच्या आरंभी येणारे शून्य हा त्या क्रमांकाचा भाग नसतो. ती केंद्राला दिलेली एक सूचना असते. एक शून्य म्हणजे “मला माझ्या गावाबाहेर, पण देशातच बोलावयाचे आहे.” दोन शून्ये म्हणजे “मला देशाबाहेर बोलावयाचे आहे.” भारतातून परदेशी फोन लावताना क्रम असा असतो : प्रथम ००, नंतर त्या देशाचा संकेतांक, नंतर शहराचा अथवा मोबाइलचा क्रमांक, पण त्याचे आरंभीचे शून्य गाळून. इटलीतील घरगुती क्रमांकांसारखे काही अपवाद आहेत; तेथे शून्य तसेच ठेवावे लागते. परंतु आपला संबंध येणाऱ्या बहुतेक देशांना हा नियम लागू पडतो.

दोन शून्यांची सूचना सर्व देशांत सारखी नाही. अमेरिकेतून बाहेर बोलताना ०११, जपानमधून ०१०, ऑस्ट्रेलियातून ००११ असे अंक फिरवावे लागतात. या भानगडीतून मोबाइलने सुटका केली ती अधिक या चिन्हाने. मोबाइलवर शून्याची कळ दाबून धरली की + उमटते. आपण ज्या देशात असू तेथील बाहेर जाण्याचा संकेत मोबाइल सेवा त्या चिन्हाच्या जागी आपोआप धरते. म्हणून + ने सुरू होणारा क्रमांक रोह्यातून लावा अथवा रियाधमधून, तो चालतोच.

देशांचे संकेतांक आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ठरवितो. १८६५ साली पॅरिस येथे स्थापन झालेली ही संस्था आता संयुक्त राष्ट्रांच्या कुटुंबात असून तिचे मुख्यालय जिनिव्हा येथे आहे. तिने जगाचे विभाग पाडले आणि प्रत्येक विभागाला एक आरंभीचा अंक दिला. १ उत्तर अमेरिकेचा, ३ व ४ युरोपचे, ८ पूर्व आशियाचा, तर ९ हा दक्षिण व पश्चिम आशियाचा. म्हणूनच भारत ९१, श्रीलंका ९४, म्यानमार ९५, नेपाळ ९७७ आणि आखाती देशही नऊनेच सुरू होतात : कुवेत ९६५, सौदी अरेबिया ९६६, ओमान ९६८, संयुक्त अरब अमिराती ९७१, बहरीन ९७३, कतार ९७४. ब्रिटनचा ४४, जपानचा ८१, थायलंडचा ६६ आणि अमेरिकेचा १.

हाच नियम उलट दिशेनेही लावावा. रोह्याचा संकेतांक आपण ०२१९४ असा म्हणतो. परदेशातून तो +९१ २१९४ असा होतो. मोबाइल असेल तर +९१ आणि पुढे दहा अंक. परदेशी जाणाऱ्याने घरचे सर्व क्रमांक निघण्यापूर्वीच या रूपात साठवावेत.

वेळेचे गणित

क्रमांक बरोबर असला तरी वेळ चुकली की फोन उचलला जात नाही, किंवा थकूनभागून निजलेल्या माणसाची झोपमोड होते. दुबई, शारजा, मस्कत येथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. रियाध, दोहा, कुवेत, मनामा अडीच तास मागे आहेत. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा शारजात साडेसात आणि दोह्यात साडेसहा झालेले असतात. थायलंड आपल्यापुढे दीड तास व जपान साडेतीन तास आहे. श्रीलंकेची वेळ आपलीच.

ब्रिटन व अमिरातीत एक महत्त्वाचा फरक आहे. अमिरातीचे घड्याळ वर्षभर एकच असते. ब्रिटनमध्ये मात्र मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळ एक तास पुढे केलेले असते, त्यामुळे ते हिवाळ्यात आपल्यामागे साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास असते. सुटीचा वारही ध्यानात घ्यावा. सौदी, कुवेत, कतार येथे आठवड्याची सरकारी सुटी शुक्रवार-शनिवार असते. अमिरातीत २०२२ पासून ती शनिवार-रविवार झाली आहे.

हा अधिकार हाती कसा आला

परदेशी क्रमांक स्वतः फिरविण्याची सोय सामान्य माणसाच्या हाती आली त्याला फार वर्षे झालेली नाहीत. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला आणि पुढे लंडनला शिकत होते. रमाई परळच्या चाळीत संसार ओढीत होत्या. त्या दोघांमध्ये होते ते केवळ बोटीने जाणारे पत्र, आणि उत्तर मिळण्यास कित्येक आठवडे लागत. लंडनच्या गोलमेज परिषदा १९३० ते १९३२ या वर्षांत झाल्या, तेव्हाही भारतातून लंडनशी दूरध्वनीवर बोलण्याची सेवा सुरू झालेली नव्हती.

या कथेचे महत्त्वाचे टप्पे आपल्याच महाराष्ट्रात घडले. १९२७ साली पुण्याजवळ खडकी व दौंड येथील बिनतारी केंद्रांतून ब्रिटनशी तारसंदेशांची देवाणघेवाण सुरू झाली. १९३३ मध्ये मुंबई-लंडन बिनतारी दूरध्वनी सेवा सुरू झाली. पण तिचा दर सामान्यांच्या आवाक्याबाहेर होता. १९४७ साली परदेशी दळणवळणासाठी शासनाची स्वतंत्र सेवा स्थापन झाली. १९७१ मध्ये जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे उपग्रह भू-केंद्र सुरू झाले आणि आवाज अंतराळातून ये-जा करू लागला. त्यानंतरही बहुतेकांना कॉल ‘बुक’ करून तासन्‌तास थांबावे लागे. भारतातून लंडनला थेट क्रमांक फिरविण्याची सोय १९७६ साली झाली.

गावोगावच्या लोकांना ही सोय खऱ्या अर्थाने लाभली ती ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून, एसटीडी-आयएसडी-पीसीओ असे रंगविलेल्या बूथमुळे. काचेच्या त्या खोलीत उभे राहून समोरच्या यंत्रावर पळणारे लाल अंक पाहत बोलणे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पैसे वाचावेत म्हणून लोक बोलावयाच्या गोष्टी कागदावर लिहून नेत. ती सवय आजही उपयोगी आहे. आज बोलणे स्वस्त झाले, तरी महत्त्वाचे सांगावयाचे राहून जाते, ते कागद नसल्यामुळेच.

ॲप आणि साधा फोन

आज बहुतेक बोलणे व्हॉट्सॲपसारख्या ॲपवर होते. ते स्वस्त आहे, चेहराही दिसतो. मात्र त्याच्या मर्यादा जाणून असावे. दोन्ही टोकांना इंटरनेट लागते. अमिरातीत व्हॉट्सॲपवरून संदेश जातो, पण बोलण्यावर बंधने आहेत. तेथे परवाना मिळालेली निराळी ॲपे वापरावी लागतात. शिवाय हे सारे समुद्रतळाच्या केबलींवर अवलंबून आहे. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ अशा केबली तुटल्या, तेव्हा भारत व आखाती देशांतील इंटरनेट अनेक दिवस विस्कळीत झाले होते.

साध्या फोनला पैसे पडतात, पण पलीकडे इंटरनेट नसले तरी तो वाजतो. आपल्या मोबाइलवर परदेशी फोनची सुविधा सुरू आहे का आणि मिनिटाला दर किती, हे कंपनीच्या ग्राहकसेवेला आधीच विचारून ठेवावे. महिन्यातून एकदा, सारे ठीक असताना, घरच्या माणसाने स्वतः असा एक फोन लावावा. दोन मिनिटे पुरेत. त्याने क्रमांक तपासला जातो आणि हाताला सवय राहते.

फसवणुकीपासून सावध

संकेतांक ओळखता येऊ लागले की आणखी एक लाभ होतो. ज्या देशात आपले कोणी नाही तेथून एखादी रिंग वाजून फोन बंद झाला, तर उलट फोन करू नये. अशा क्रमांकांवर महाग दर आकारून लूट होते. “तुमचा मुलगा अटकेत आहे, ताबडतोब पैसे पाठवा” असे सांगणारा फोन आला, तर तो बंद करून आपल्याकडे लिहिलेल्या क्रमांकावर मुलाला स्वतः फोन करावा. पोलीस अथवा न्यायालय फोनवर कोणालाही ‘डिजिटल अटक’ करीत नाही. पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी. येथेही मुद्दा तोच आहे : ज्याला स्वतः फोन लावता येतो, त्याला घाबरविणे कठीण असते.

घरातील वही

शेवटी एक गृहपाठ. प्रत्येक घरात एक वही असावी. मोबाइल हरवतो, बंद पडतो, वही राहते. तीत पुढील गोष्टी स्वच्छ अक्षरात लिहाव्यात. परदेशी असलेल्या व्यक्तीचा + सह पूर्ण क्रमांक. तिच्याबरोबर राहणाऱ्या एका सहकाऱ्याचा क्रमांक. मालक अथवा कंपनीचे नाव, पत्ता व दूरध्वनी. राहण्याचे ठिकाण. पारपत्राचा क्रमांक आणि त्याची एक छायाप्रत. त्या देशातील भारतीय वकिलातीचा क्रमांक. वकिलाती अबू धाबी, रियाध, कुवेत, दोहा, मस्कत, मनामा येथे आहेत आणि दुबई व जेद्दा येथे वाणिज्य दूतावास आहेत. पगार अडला, पारपत्र काढून घेतले, माणसाचा ठावठिकाणा लागेना, अशा वेळी परराष्ट्र मंत्रालयाच्या २०१५ साली सुरू झालेल्या ‘मदद’ या संकेतस्थळावर घरच्यांनाही तक्रार नोंदविता येते. तेव्हा हीच माहिती मागितली जाते.

ही वही कोणी लिहावी? माझे मत असे की घरातील शाळकरी मुलाने अथवा मुलीने लिहावी आणि आजी-आजोबांना वाचून दाखवावी. त्या प्रसंगानंतर आमच्या त्या सातवीतील विद्यार्थ्याने अशी वही केली. आखलेल्या पानावर त्याने वडिलांचा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहिला, आरंभी + काढला, आणि खाली कंसात लिहिले : आईने लावून पाहिला, लागतो.

आपल्या घरच्या वहीतही प्रत्येक क्रमांकाखाली एवढीच नोंद असावी, अशी पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे.