वाळूची चाल

जोराच्या वाऱ्यांत कोरड्या पुळणीवर उभे राहिलांत, तर वाळू पायांस टोंचते. तोंडास क्वचितच लागते. याचें कारण काय?

धूळ हलकी असल्यामुळें वाऱ्याबरोबर उंच चढते. वाळूचा कण जड. तो थोडा वर उसळतो, वाऱ्यानें पुढें ढकलला जातो आणि खालीं पडतांना इतर कणांस उडवितो. फार जाड कण या माऱ्यानें जमिनीवरूनच सरकतात. राल्फ बॅगनोल्ड या इंग्रज सेनाधिकाऱ्यानें लिबियाच्या वाळवंटांत हिंडून व प्रयोगशाळेंत कृत्रिम वारा वाहवून याचा अभ्यास केला. त्याचा ग्रंथ १९४१ सालीं प्रसिद्ध झाला. सुमारें तीन चतुर्थांश वाळू उड्या मारीत जाते व उरलेली सरपटत, असें त्यास आढळलें. कोरडें हिमही बहुतांशीं असेंच जमिनीलगत धांवतें. म्हणून थंड देशांत रस्त्यांपासून कांहीं अंतरावर कुंपणें घालून तें अडवितात.

राजस्थानांतील थरच्या वाळवंटांत सरकत्या टेकड्या शेतें व वाटा बुजवून टाकितात; शेतकऱ्याचें वर्षाचें अन्न त्यांखालीं जातें. त्यावर उपाय शोधण्यास जोधपूर येथें १९५२ सालीं संशोधनकेंद्र निघालें. तेथील रीत साधी आहे. टेकडीवर वाऱ्याच्या आड रानबोरीच्या काटक्यांच्या ठेंगण्या ओळी रोवावयाच्या, आणि त्यांच्या आसऱ्यास गवत व झाडें लावावयाचीं. ओळींपाशीं वारा मंदावतो आणि खालून चालणारी वाळू तेथेंच थांबते. पुढें मुळें तिला धरून ठेवितात.

शत्रूची चाल नीट ओळखली, म्हणजे काटक्यांचें कुंपणही पुरेसें होतें.