न पाहताच लिहिलेलं मलम

मूल तालुक्यातल्या त्या बाईला खाज सुटली ती ऐन रोवणीत, त्यामुळे कारण शोधायची गरजच कुणाला वाटली नाही. दिवसभर चिखलात वाकून धान रोवायचं, ओलं लुगडं जांघेला घासत राहायचं, खाज सुटणारच. वय साठीच्या पुढे, पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली. "मले वाटलं, चिखलानंच होते." धान कापून झालं, बांध्या वाळल्या. खाज मात्र गेली नाही.

मेडिकलवाला पोरगा नातवाएवढा, त्याला काय सांगणार? सुनेनं 'नायट्याची' म्हणून ट्यूब आणली. त्यातलं स्टेरॉइड चार दिवस खाज दाबायचं, मग ती पुन्हा डोकं वर काढायची. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. पुढे तिला डॉक्टरांची चिठ्ठीही मिळाली, एकदा नव्हे, दोनदा. "कुठं खाजवते, इतकंच इचारलं. कोणी पायलंच नाही. अन् मीबी दाखवलं नाही." अशी दोन वर्षं गेली.

शेजारच्या गडचिरोलीच्या मुलखालाही हे नवं नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली आणि जानेवारी 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. हा आकडा जगभर गाजला. त्याच पाहणीतला दुसरा आकडा जास्त बोचणारा आहे: त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या 8 टक्के.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी पडदा ओढला, दिवा जवळ घेतला आणि पाहिलं. योनीमुखाच्या डाव्या ओठावर लालभडक चट्टा, त्यावर पांढरट पापुद्रे. जागा बधिर करून त्यांनी तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवालात आलं, पॅजेटचा रोग. जेम्स पॅजेट यांनी 1874 मध्ये तो स्तनाग्रावर पाहिला होता. योनीमुखावर तो क्वचितच होतो आणि दिसतो थेट इसबासारखा. बहुतेक वेळा वाईट पेशी कातडीच्या वरच्या थरातच असतात. त्या खाली उतरल्या की मात्र तो खरा कॅन्सर. कधी कधी त्याच्यासोबत स्तन, मूत्राशय किंवा गुदाशयाचा कॅन्सरही लपलेला असतो, म्हणून तिच्या त्याही तपासण्या झाल्या. काही निघालं नाही.

शस्त्रक्रिया नागपुरात झाली. या रोगाची खोड अशी की पेशी डोळ्यांना दिसणाऱ्या चट्ट्याच्या बाहेरही पसरलेल्या असतात. त्यामुळे भोवतालची चांगली दिसणारी कातडीही काढतात, तरी साधारण तिघींपैकी एकीला तो परत होतो, कधी कधी कैक वर्षांनी. जखम भरेतो तिला नीट बसता येईना. "लघवीले जाताना डोळ्यांत पाणी यायचं."

आता बांधावर बायका विचारतात, तेव्हा ती आडपडदा ठेवत नाही. मलम लावून महिन्याभरात खाज जात नसेल तर दुसरी ट्यूब घ्यायची नाही, दाखवायचं. वापरलेल्या साऱ्या ट्यूब पिशवीत घालून न्यायच्या. डॉक्टर न पाहता लिहू लागले तर म्हणायचं, "आधी पाहा." आणि तुकडा तपासायला पाठवायचा का, हे आपणहून विचारायचं. डॉक्टरला असं विचारणं या भागात सोपं नाही. पण तिच्यासोबत सून असते, आणि सून विचारते.

महिन्यातून एकदा ती न्हाणीत हातआरसा घेऊन बसते. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या वर्षी त्या आरशातच तिला चिंचोक्याएवढा लाल ठिपका दिसला. पुन्हा तुकडा, पुन्हा तोच रोग, पण वरवरचा. या वेळी चाकू टळला. इमिक्विमॉड नावाचं मलम मिळालं. ते शरीराची प्रतिकारशक्ती त्या जागी जागवतं, आणि आगही तशीच होते. आठवड्यातून तीन रात्री लावायचं होतं. चौथ्या आठवड्यात सहन होईना, तेव्हा डॉक्टरांना विचारून आठ दिवस थांबली, मग पुन्हा सुरू केलं. ठिपका विरला. पुढची तपासणी मुद्दाम रोवणीच्या आधी ठेवून घेतली आहे.