गालिच्याची पाठ

शिनोलीच्या परिसरात वाढलेल्या आम्हां सर्वांना घोंगडी आणि सतरंजी ठाऊक आहे. उभ्या ताण्यांतून आडवा बाणा खाली-वर गेला की दोन्ही विणली जातात. गालिच्याची रीत निराळी. त्यात दोन ताण्यांभोवती रंगीत लोकरीचा धागा गुंडाळून त्याची टोके पुढे मोकळी सोडतात. गाठींची एक ओळ पुरी झाली की बाणा घालून तो पंजाने ठोकतात आणि मग मोकळी टोके कात्रीने सारखी करतात. म्हणून गालिच्याची परीक्षा पुढून होत नाही. कोपरा उलटून पाठीवरच्या गाठी मोजाव्या लागतात.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इराणमधील अर्दबीलचा प्रसिद्ध गालिचा आहे. त्याच्या एका चौरस इंचात सुमारे ३४० गाठी आहेत, म्हणजे एका चौरस फुटात जवळजवळ ४९ हजार. कुशल विणकर दिवसाला आठ-दहा हजार गाठी मारतो असे धरले, तर फूटभर चौकोनालाच पाच-सहा दिवस लागतात. आणि हा गालिचा लांबीला साडेदहा मीटर आहे! त्यावर हिजरी ९४६ (इ. स. १५३९-४०) हे वर्ष आणि मक्सूद काशानी हे नाव विणलेले आहे. मक्सूदने स्वतः विणले की काम करवून घेतले, यावर अभ्यासकांत चर्चा आहे. एवढे काम एकट्याचे नव्हे, हे मात्र उघड आहे. मूळ गालिचे दोन होते. एकोणिसाव्या शतकात एकाचे तुकडे कापून दुसरा सांधला गेला. ही दुरुस्ती आम्हांला आजही खटकते. कापलेल्याचा उरलेला भाग लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. विजापूरच्या आसार महालात पैगंबरांचे पवित्र केस जतन केले होते, आणि त्या वास्तूत सतराव्या शतकातील मौल्यवान गालिचे होते. गोलघुमटासमोरच्या नगारखान्यातील संग्रहालयात हा जुना ठेवा आहे. पुढे इंग्रजी अमदानीत पुण्याच्या येरवडा तुरुंगात कैद्यांकडून गालिचे विणून घेत आणि नमुन्यासाठी विजापूरचे हेच गालिचे समोर ठेवीत. येरवडा म्हटले की आपल्याला २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार आठवतो. त्याच्याही आधी त्याच भिंतींआड कैद्यांची बोटे आदिलशाही दरबारातील फुले गाठीगाठीने पुन्हा उमटवीत होती. मक्सूदचे नाव गालिच्यातच विणलेले राहिले. या कैद्यांपैकी एकाचेही नाव आम्हांला सांगता येत नाही.