घोडदळाच्या संग्रहालयात घोडा कुठे आहे?

प्रश्न : भिंगारजवळचं रणगाड्यांचं संग्रहालय दाखवायला मुलीला नेलं होतं. पाटी वाचून ती म्हणाली, “कॅव्हलरी म्हणजे घोडदळ ना? मग आत एकही घोडा कसा नाही?” मला उत्तर सुचलं नाही. तुम्हीच सांगा. – एक वाचक, भिंगार

उत्तर : प्रश्न बिनतोड आहे. फराहबागेजवळच्या त्या आवारात बंदुकीचा घोडा सोडला तर दुसरा घोडा सापडायचा नाही. पण पाटीही चुकलेली नाही.

पहिल्या महायुद्धात मशीनगन आणि काटेरी तारांपुढे घोड्याचं काही चालेना. मग रिसाल्यांनीच एकेक करून घोडे सोडले आणि चिलखती गाड्या घेतल्या. आपल्याकडे सुरुवात केली सिंद हॉर्सने, 1938 साली, रावळपिंडीत. त्याची आठवण म्हणून चिलखती दल 1 मे हा आपला दिवस पाळतं; महाराष्ट्र दिनामुळे तारीख तुमच्या मुलीच्याही लक्षात राहील.

घोडे गेले, पण भाषा गेली नाही. पायदळात शिपाई, हवालदार, सुभेदार असतात. रणगाड्यातला साधा जवान मात्र आजही ‘सवार’ असतो, आणि त्याच्या वर दफेदार, रिसालदार. शिलेदार-बारगीर माहीत असलेल्या मराठी माणसाला हे शब्द परके वाटू नयेत. पूना हॉर्स ही पलटण तर 1817 ची, उभी राहिली ती पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत, पुण्यातच. तिच्या दोन अधिकाऱ्यांना परमवीरचक्र मिळालं, दोघांनाही मरणोत्तर, आणि दोघेही सेंच्युरियन रणगाड्यांवर लढले. 1965 मध्ये लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर, 1971 मध्ये अवघ्या एकवीस वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. खेत्रपाल यांच्या रणगाड्याचं नाव होतं ‘फामागुस्ता’. घोड्याला नाव ठेवावं तसंच हे.

चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र नगरला, म्हणून 1994 साली संग्रहालयही इथेच आलं. सुमारे पन्नास गाड्या आहेत. ब्रिटिश माटिल्डा आणि चर्चिल, जपानी रणगाडे, पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटन, आपला विजयंता. मला विचाराल तर सर्वांत आधी रोल्स रॉईसची जुनी चिलखती गाडी बघा. ज्या ‘सिल्व्हर घोस्ट’मधून राजेमहाराजे मिरवत, त्याच गाडीच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे आणि मशीनगन चढवलेली आहे. घोडा आणि रणगाडा यांच्या मधली पायरी इतकी स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

आणि मुलीला खराच घोडा हवा असेल तर जयपूरला न्या. आपल्या सैन्याची 61 वी कॅव्हलरी तिथे अजून घोड्यावर आहे. नगरला पुन्हा जाल तेव्हा ओळखपत्र बरोबर ठेवा, भाग लष्करी आहे. आणि उन्हाळ्यात सकाळीच जा, गाड्या उघड्यावर उभ्या असतात.